लाइव्ह जायच्या आधी

मितेश : तसं नाही काका. हात मांडीवर ठेवा. मान सरळ.

केसरीनाथ : ह्यो कोट काढू का रं? बगलंत आवळतो. आन् ह्यो टाय गळ्यात रुततो.

मितेश : अजिबात नाही. माझ्या साखरपुड्याचा कोट आहे तो. टीव्हीवर लोक आधी कपडे बघतात, मग माणूस. आमच्या पर्सनॅलिटी क्लासचे सर सांगतात. चला, परत एकदा. चॅनेलच्या बाई विचारतील, काय झालं?

केसरीनाथ : आमची मंडळी गेली. छातीत दुखाया लागलं. अॅम्ब्युलन्समधी घातली, तर पूर्ण्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांना गोदामाचं ट्रक उभं. जाया जागाच न्हाय. गाडीतच...

मितेश : 'मंडळी' नाही, 'माझी दिवंगत पत्नी'. ट्रक नाही, 'वाहतूक नियोजनाचा अभाव'. आणि ते 'न्हाय, न्हाय' बंद.

केसरीनाथ : मंग ट्रक उभं व्हतं त्ये कवा सांगू?

मितेश : शेवटी. वेळ उरला तर. आणि चेहरा हसरा ठेवा, थोडासा.

केसरीनाथ : बायको मेली ह्ये सांगताना?

मितेश : क्लासमध्ये तसंच शिकवलंय.

(चॅनेलची व्हॅन दारासमोर रस्त्यातच थांबते.)

क्षितिजा : नमस्कार, मी क्षितिजा, चॅनेलकडून. साहेब, तुम्ही गोदामाचे मालक ना? तुमच्याशी नंतर बोलते. आधी त्या गेलेल्या बाईंचे मिस्टर कुठायत?

केसरीनाथ : मीच त्यो.

क्षितिजा : तुम्ही? अहो, मग टाय कशाला? लोकांना वाईट कसं वाटणार? काढा तो कोट. बनियन चालेल. त्यांचा फोटो मांडीवर घ्या. जरा मोठा फोटो नाही का?

मितेश : मॅडम, प्रोफेशनल इम्प्रेशन...

क्षितिजा : ते मंत्र्यांसाठी. काका, मी विचारीन, आत्ता तुम्हाला कसं वाटतंय? रडू आलं तर अडवू नका.

केसरीनाथ : बाई, मना येकच सांगाचं हाय. ट्रक रस्त्यात लावू नका. गाडी जायाला वाट ठेवा.

क्षितिजा : ते मी म्हणेन ना शेवटी. वेळ उरला तर.

केसरीनाथ : ह्यो बी तसंच बोलला. मितेश, कोन हॉर्न मारतंय एवढा?

मितेश : पाड्यावरचा नवशा आहे, रिक्षात. बायकोला, ठकीला, दवाखान्यात नेतोय. तिकडून ट्रक, इकडून मॅडमची व्हॅन, अडकलाय. ठकीच्या पोटात जरा दुखतंय म्हणे.

क्षितिजा : पाच मिनिटं थांबायला सांगा त्याला. व्हॅन हलली तर लाइव्ह हातचं जाईल. वरच्या छत्रीला सिग्नल आत्ता कुठे लागलाय.

केसरीनाथ : आमची पन 'जराच दुखतंय' बोलली व्हती.

क्षितिजा : वा, किती छान! काका, हेच कॅमेऱ्याकडे बघून म्हणा.

केसरीनाथ : गाडी काढा.

क्षितिजा : अहो, अख्खा महाराष्ट्र ऐकेल तुमचं. पुन्हा कोणी येणार नाही इथे.

मितेश : काका, बसा! कोटाची शिवण उसवली!

केसरीनाथ : ओ डायवर! घे मागं. घे, घे, माझ्या हाताकडं बघ. अजून... बस. नवशा, जा रं बाबा. खड्डा हाय फुडं, सांभाळून ने तिला.

क्षितिजा : गेलं हातचं लाइव्ह! एवढी संधी घालवलीत. टीव्हीवर सांगायचं तरी काय होतं तुम्हाला?

केसरीनाथ : ह्येच.