नेड कर्कच्या नातीची काठी

मॉसी : ही काठी तुझ्या हातात मोडलेली नाही.

म्युरन : माझ्याच हातात मोडली, आजोबा. रविवारी, हर्लिंगच्या सेमीफायनलला, अगदी शेवटी. मी अशी पळत आले, चेंडू उचलला, आणि समोरून ही एवढी धिप्पाड पोरगी...

मॉसी : म्युरन.

म्युरन : काय?

मॉसी : लाकूड मी निवडलं, रंधा मी मारला. तू उजवा हात वर धरतेस. तुझा अंगठा इथं बसतो, तर मूठ इथं झिजायला हवी. आणि झिजलीय कुठं बघ. सगळी उलट्या बाजूला. हे एका रविवारचं काम नाही. सबंध मोसम ही दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती. डावखुऱ्या.

क्रिस्ती : पकडली पोरगी. तुला सांगितलं होतं, आधी शेगडीपाशी बस, चहा घे, मग गोष्ट रच. उभ्या उभ्या नाही जमत ते.

म्युरन : क्रिस्तीआजोबा, तुम्ही माझ्या बाजूचे आहात ना?

क्रिस्ती : मी चहाच्या बाजूचा. भांडण तुझं आणि माझ्या भावाचं.

मॉसी : कुणाला दिली होतीस?

म्युरन : टीममधल्या एका मुलीला.

मॉसी : आपल्या की त्यांच्या?

म्युरन : आता आपल्या-त्यांच्या असं काही राहिलंय का? आपल्या किलकोरात सोळा वर्षांच्या आतल्या जेमतेम आठ-नऊ मुली, आणि नदीपलीकडे ड्रमगीलमध्येही तेवढ्याच. हर्लिंगला पंधरा लागतात. एकत्र झालो नसतो तर दोन्ही गावांच्या मुली उन्हाळाभर घरी बसून फोन बघत राहिल्या असत्या. आणि आपली हिरवी जर्सी नको, त्यांची लाल नको, म्हणून कमिटी तीन संध्याकाळी भांडली आणि शेवटी कुणालाच आवडत नाही असा निळा रंग घेतला.

क्रिस्ती : दोन्ही गावांचं एका गोष्टीवर एकमत झालं, हे काय थोडं आहे?

मॉसी : ड्रमगीलच्या मैदानाला इतका उतार आहे की त्यांच्या गाईसुद्धा तिरक्या चालतात. तिथं सराव करून आपल्या पोरी वाकडं मारायला शिकतील, दुसरं काय होणार.

म्युरन : वाकडं मारत मारत आम्ही फायनलला पोचलोय, आजोबा. तुम्ही एकही सामना पाहिलेला नाही. एकही.

मॉसी : नाव सांग तिचं.

म्युरन : आल्वा.

मॉसी : आडनाव.

म्युरन : तुम्हाला कळलंय. अंगठ्याची जागा बघितलीत तेव्हाच कळलं. कर्क. आल्वा कर्क. नेड कर्कची नात.

मॉसी : दार लाव. वारा येतोय.

म्युरन : दार लावलेलंच आहे.

क्रिस्ती : बोलू दे तिला, मॉसी. एवढी तयारी करून आलीय.

म्युरन : दुकानातल्या दोन काठ्या तिच्या हातात मोडल्या. ती मारते म्हणजे मारतेच. मग वसंतात मी माझी जादाची काठी तिला दिली, आणि आजोबा, तुम्ही बघायला हवं होतं. रविवारी दोन मिनिटं उरलेली, बरोबरी, आणि साइडलाइनवरून, जमिनीवरचा चेंडू तिनं असा कापून वर काढला की तो वळून बरोबर गोलच्या खांबांच्या मधून गेला. आपले लोक आणि त्यांचे लोक, सगळे एकदम उठून उभे. मग पुढच्याच झटापटीत काठी गेली. येत्या रविवारी फायनल आहे. तिला तिच्या मापाची काठी हवी, तुमच्या हातची. तिनं मागितलेली नाही. मी मागतेय.

मॉसी : ह्या शेडमधून ड्रमगीलला काठी गेलेली नाही. मी आहे तोवर जाणार नाही. आणि लाकूड कुठंय? अख्ख्या टिपररी परगण्यातली, काठ्यांना लागणारी अ‍ॅशची झाडं रोगानं वाळली. बाहेरून आलेल्या फळ्या आहेत दोन-चार, त्या आपल्या पोरांना.

म्युरन : पण का? मला कुणी कधी नीट सांगितलंय का? लहानपणापासून एवढंच ऐकतेय, क्रिस्तीआजोबांचा डोळा ड्रमगीलनं घेतला. जसं काही सगळं गाव मिळून आलं होतं घ्यायला.

क्रिस्ती : गाव नव्हतं. एकटाच होता. माझ्याच वयाचा. नेड त्यांच्या गोलसमोर उभा राहायचा आणि मी त्याला चिकटून. तेव्हा हेल्मेट घालणाऱ्याला लोक हसायचे. एक उंच चेंडू आला, मी हात वर केला, त्यानं काठी फिरवली. डावखुऱ्याची काठी जिथून यायला नको तिथून येते. उजवा डोळा गेला. झाली गोष्ट.

मॉसी : झाली? तुला उचलून गाडीत घातलं मी. माझी जर्सी काढून तुझ्या तोंडावर दाबून धरली होती, दवाखान्यापर्यंत. हिरवी जर्सी काळी झाली. आईनं ती धुवायलाही नकार दिला.

क्रिस्ती : माहीत आहे.

मॉसी : मग झाली गोष्ट, असं म्हणू नकोस.

क्रिस्ती : डोळा माझा होता, मॉसी. राग मात्र तू ठेवलास. इतकी वर्षं सांभाळलास, त्याला तेलपाणी केलंस. मला कधी कुणी विचारलं नाही, की बाबा, तुला हवाय का त्यातला थोडा.

मॉसी : तो आपल्या दारात आला होता. तुला घरी आणलं त्याच संध्याकाळी. एवढी हिंमत.

क्रिस्ती : ऐकलं मी. आतल्या खोलीत पडलो होतो, डोकं बांधलेलं, पण कान उघडे होते. तो म्हणाला, मला क्रिस्तीशी दोन मिनिटं बोलू दे. तू म्हणालास, परत ह्या वाटेला आलास तर तुझ्या आईला तुझं तोंड ओळखू येणार नाही.

म्युरन : आजोबा, असं म्हणालात तुम्ही?

मॉसी : म्हणालो.

क्रिस्ती : मला त्याच्याशी बोलायचं होतं.

मॉसी : काय बोलणार होतास? माफ केलं म्हणून सांगणार होतास?

क्रिस्ती : माफ कशाला करायचं? मी त्याला सांगणार होतो की मला त्याची काठी दिसली होती.

मॉसी : काय?

क्रिस्ती : येताना दिसली होती. मागं सरता आलं असतं. पण चेंडूही दिसत होता, आणि मला चेंडू हवा होता. नेडला आयुष्यभर वाटत राहिलं असणार, की आपण क्रिस्तीला बघायला हवं होतं. मी बघितलं होतं ना त्याला. हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, तो आतल्या खोलीत पडलेला होता.

मॉसी : मग नंतर सांगायचं होतंस. वर्षं काय कमी होती?

क्रिस्ती : भरपूर होती. एकदा गुरांच्या बाजारात तो समोर आला, टोपी काढून उभा राहिला. तू माझा दंड धरून मला वळवलंस. आणि मी वळलो. वळणं सोपं होतं. घरात तुझा राग, आईचा राग, त्यात मी एकटा कुठं वेगळं बोलणार? दर वेळी वाटायचं, पुढच्या मोसमात बघू. गेल्या हिवाळ्यात तो गेलाच. त्या दिवशी तू इथं रंधा मारत होतास, मी इथं शेगडीपाशी. चर्चची घंटा नदीपलीकडून ऐकू येत होती. तू रंधा थांबवला नाहीस, मी उठलो नाही.

म्युरन : मी गेले होते.

मॉसी : कुठं?

म्युरन : त्यांच्या अंत्ययात्रेला. आल्वा आमच्याच वर्गातली, म्हणून सगळ्याच मुली जाणार होत्या. ड्रमगीलची माणसं लाल जर्सी घालून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती, अगदी छोटी छोटी मुलंसुद्धा. मी कोटाच्या आत आपली हिरवी घालून गेले होते. तिथं पोचल्यावर कोट काढला. का काढला, मला नाही सांगता येणार. थंडीनं गोठले नुसती. सगळ्यांनी बघितलं. मला वाटलं, आता कुणीतरी हाकलणार. मग एक बाई थोडी सरकली आणि मला रांगेत जागा दिली. घरी नाही सांगितलं मी. म्हटलं, तुम्ही जेवणार नाही.

क्रिस्ती : तू हिरवी घातली होतीस?

म्युरन : हो.

क्रिस्ती : म्हणजे आपल्या घरातलं कुणीतरी होतं तिथं.

मॉसी : चेंडू मी मारला होता.

म्युरन : कुठला चेंडू?

मॉसी : तोच. जोराचा वारा होता. खाली, जमिनीलगत ठेवायला हवा होता. गोलसमोर गर्दी होती, मला दिसत होती. तरी मी उंच मारला. तो वर असतानाच मला कळलं होतं की हे काही बरोबर झालं नाही.

क्रिस्ती : माहीत आहे, मॉसी.

मॉसी : तुला माहीत होतं?

क्रिस्ती : तुझा चेंडू मी ओळखणार नाही? चांगला मारला होतास. म्हणून तर मी गेलो त्याच्यावर.

म्युरन : आजोबा... अजून एक गोष्ट सांगायची राहिलीय.

मॉसी : अजून काय उरलंय?

म्युरन : ती बाहेर आहे. आल्वा. रस्त्याच्या कडेला, भिंतीपाशी. सरावाहून आम्ही दोघी एकत्रच आलो. मी म्हटलं चल आत, तर म्हणाली, आजीनं बजावलंय, त्या घरात बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

मॉसी : बाहेर पाऊस आहे.

म्युरन : हो.

मॉसी : केव्हापासून उभी आहे?

म्युरन : मी खोटं बोलायला लागले त्याच्याही आधीपासून.

मॉसी : बोलाव तिला.

(म्युरन बाहेर जाते. परत येते तेव्हा तिच्यामागे एक उंच, भिजलेली मुलगी आहे. ती दारातच थांबते.)

मॉसी : तू कुणाची?

आल्वा : ड्रमगीलच्या कर्कांची. नेड कर्कची नात. तुम्हाला माहीत असेल.

मॉसी : माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. पुढं ये, उजेडात. सरळ उभी राहा. हात सैल सोड. तो नाही, डावा.

आल्वा : तुमची काठी मोडली माझ्याकडून. फार चांगली होती.

मॉसी : काठ्या मोडायच्याच. ती म्युरनच्या मापाची होती, तुला आखूड पडत होती, म्हणून मोडली. एवढी उंच तू, आणि कुणी सांगितलं नाही? घरात तुझ्या आजोबांची जुनी एखादी नव्हती?

आल्वा : आमच्या घरात काठीच नव्हती. होती ती त्यांनी त्या सामन्याच्या रात्रीच चुलीत घातली, असं आजी म्हणते. परत कधी खेळले नाहीत. सामने बघायचे, पण मैदानाबाहेर, गाडीत बसून. मी खेळायला लागले तेव्हा आईला वाटलं, आता हे चिडणार. ते नुसतं म्हणाले, खेळ. फक्त जाण्याआधी माझ्याकडे येऊन जायचं. मग हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बोट घालून बघायचे. दर वेळी. त्यांना उठवत नव्हतं तेव्हासुद्धा मी पलंगापाशी वाकायचे.

क्रिस्ती : बोट घालून बघायचे.

आल्वा : हो. सैल असला तर स्वतः ओढायचे. फार घट्ट ओढायचे.

क्रिस्ती : आल्वा, मी क्रिस्ती.

आल्वा : मला कळलं.

क्रिस्ती : तुझ्या आजोबांना एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली. ती तुला सांगितली तर चालेल का? तुझ्या आजीलाही घरी जाऊन सांग. तुला वेळ आहे थोडा?

आल्वा : आई न्यायला येईल थोड्या वेळानं.

मॉसी : आई आली तर तिलाही आत बोलवा. म्युरन, त्या कोपऱ्यातली फळी काढ. वरची नाही, तिच्याखालची, जिच्या लाकडाच्या रेघा खाली वळल्यात ती. शनिवारपर्यंत होईल. रविवारी मी मैदानावर घेऊन येतो.

म्युरन : तुम्ही? मैदानावर?

मॉसी : मग काय पोस्टानं पाठवू? आणि हिला टॉवेल दे आधी, थरथरतेय. खुर्ची दे. तिथं नको ठेवू. क्रिस्तीच्या डाव्या हाताला ठेव. उजवीकडचं त्याला दिसत नाही.