आईचा फोनवरचा आवाज

अरे ऐका, आधी माझं ऐका, कॉफी नंतर मागवा... विमानतळावरून सरळ तुमच्याकडेच आलोय, आणि हे सगळं कशापायी, तर ग्लासभर पाण्यापायी. तुम्हाला सांगतो, उच्चार एकदा अंगावर चढवला ना, की तो उतरत नाही.

मी बार्न्सलीचा. इंग्लंडच्या उत्तरेकडचं खाणकामगारांचं गाव, तिथे शब्दातला 'ट' आम्ही गिळूनच टाकतो. शिकागोत आलो त्याच आठवड्यात एका दुकानात पाणी मागितलं. पोरगी म्हणते, 'काय?' पुन्हा मागितलं. 'सॉरी, काय?' आता हे लोक 'ट'चा पार 'ड' करून 'वॉडर' म्हणणार, वर तो शेवटचा 'र' तोंडात पेपरमिंट असल्यासारखा घोळवणार, आणि भाषा कुणाची कळत नाही, तर माझी? शेवटी वैतागून लंडनच्या बातम्या देणाऱ्या साहेबाचा आवाज काढला. 'वॉ-टऽ.' 'ट' कसा, तर सुपारी फोडल्यासारखा, आणि 'र' बेपत्ता. रांगेत मागे उभी असलेली मुलगी म्हणाली, 'ए, पुन्हा बोल ना.'

तीच हॅडली. जूनमध्ये लग्न आहे आमचं. दोन वर्षं झाली, मी पुन्हाच बोलतोय.

तिची आई, लोरेन, मला जेवताना 'टोमॅटो' म्हणायला लावते आणि डोळे मिटून ऐकते. सासरेबुवांनी घरच्या फोनवरचा 'आम्ही घरी नाही' हा निरोप माझ्याकडून बोलून घेतलाय. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाआधीची प्रार्थना दरवर्षी मीच म्हणायची. मग सांगणार कधी? आणि सांगणार तरी काय... की मुली, तू ज्याच्या प्रेमात पडलीस तो मी नाही, तो टीव्हीवरचा माणूस आहे? उच्चार चढवला की उतरत नाही हो.

आणि अशात आमची आई आली. दहा दिवसांसाठी. मी म्हटलं, संपलं, हिनं तोंड उघडलं की लग्न मोडलं.

पण मी एक विसरलो होतो. आईचा फोनवरचा आवाज. घरात बाबांच्या नावानं शंख करत असायची आणि फोन वाजला की एकदम सरदारीण, 'हॅलोऽ, कोण बोलतंय बरं?' तर बाई विमानातून उतरल्या, लोरेनचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, 'आपल्याला भेटून किती किती आनंद झाला.' लोरेननं मुजरा करायचाच काय तो बाकी होता. दहा दिवस चाललं. फक्त स्वयंपाकघरात आम्ही दोघंच असलो की मला कोपऱ्यात ओढायची, 'आरं लेका, ही मान्सं झोपत्यात कवा? जबडा पार गळाला माझा.'

आज सकाळी निघाली. म्हटलं, सुटलो. आणि विमानतळावर एका माणसानं सामानाची गाडी तिच्या पायावर घातली.

'आरं मुडद्या, डोळं हायती का भोकं? माझी बोटं चेचलीस की रं!'

दोन मिनिटं. एका श्वासात. हॅडली माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, 'डेल, तुझी आई आत्ता कुठल्या भाषेत बोलली?'

आणि मी... माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे... म्हटलं, 'वेल्श.' वेल्स म्हणजे आमच्या पलीकडचा मुलूख, त्यांची भाषाच निराळी, आणि मला तिचा एक शब्द येत नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी. 'तुझी मातृभाषा, आणि तू मला कधी बोललाही नाहीस?' गाडीत बसेपर्यंत तिनं फोनवर शिकवणी शोधली, लग्नातल्या शपथा वेल्शमध्ये घ्यायचं ठरवलं, आणि त्या मास्तरांना, खऱ्याखुऱ्या वेल्श माणसाला, गुरुवारी जेवायला बोलावलं. म्हणाली, 'म्हणजे तुला मनसोक्त बोलता येईल.'

उच्चार लपवायला गेलो आणि भाषाच चढली अंगावर. तुम्ही असता तर काय केलं असतं? नाही, खरंच सांगा... आणि जरा लवकर सांगा, आज मंगळवार आहे.