मशीन त्यांचं नाव घ्यायचं

माझं माहेर भोकरदनकडचं, पिंपळगाव रेणुकाई. चौथी झाले आन् बापानं शाळा सोडवली. मास्तरांनी काही विचारलं तर मी तोंडच उघडत नव्हते, बाप म्हणला हिला तिथं बसवून काय फायदा, घरी बसली तर भाकरी तरी शिकंल. अशी मी लाजरी, काय सांगू तुम्हाला, आजबी दोन परकी माणसं पुढं बसली की माझा पदर आपोआप पुढं येतो.

एक्क्याऐंशी साली लग्न होऊन मी वडीगोद्रीला आले. घर रस्त्याला लागून, पुढून गाड्या जातात, मागं मोसंबीची बाग. उंबऱ्यावर नणदांनी अडवलं, नवऱ्याचं नाव घे मंगच आत ये. आईनं चांगल्या दोन ओळी पाठ करून दिल्त्या, पण तोंडातून निघंनात, मी रडायलाच लागले. मंग सासूच म्हणली, सोडा गं तिला, पोरीचे पाय पोळून राह्यले. अशी मी नाव न घेताच आत आले. तेव्हापासून आवो, ऐकलं का, एवढ्यावरच माझा संसार झाला. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेतच न्हाई. तुम्ही मघाशी लिहून घ्यायला यांचं नाव विचारलं तेव्हाबी मी रेशन कार्डच पुढं केलं की न्हाई?

ते मात्र बोलके. मोसंबीचे व्यापारी आले की बांधावर तासतास गप्पा, हसणं, चहावर चहा. माझ्याशी बोलणं कमी. त्यांचा दोष न्हाई, उत्तर देणारं माणूस पाहिजे ना. एक लेक झाली, ती मोठी होऊन सासरी गेली, सासू गेली, घरात आम्ही दोघंच उरलो, तरी तसंच.

आन् एका सकाळी हे बागेत पाणी धरायला गेल्ते, तर झाडाच्या आळ्यातच बसले. खोरं हातातून सुटलं. लकवा. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. सगळ्या बोलण्यातला एकच शब्द राहिला, हां. पाय पुढं हळूहळू काठीवर आला, पण उजव्या हाताची मूठ अशी वळली की नखं तळव्यात रुतायची. दीड वर्ष मी तेल लावून एक-एक बोट सोडवलं, आन् हात सोडला की मूठ परत मिटायची. न्हाऊ घालणं, दाढी, घास, सगळं मीच. लोक म्हणायचे, बिचारीचे हाल चाललेत. खरं सांगू का, मला बरं वाटायचं. आधी ते व्यापाऱ्यांचे होते, बागेचे होते, आईचे होते. आता पाणी लागलं तरी माझ्याकडंच पाहायचे.

मंग जालन्याच्या एका दवाखान्यात ते मशीन आलं.

म्हणायला कॉम्पुटरच. हाताला तारा लावलेला मोजा घालायचा, पुढं टीव्हीसारख्या काचेवर एक हात दिसतो. आपली बोटं हलली की काचेतली हलतात. वरून रंगीत फुगे खाली येतात, वेळेवर मूठ उघडली की फुगा फटकन फुटतो. आन् मशीन बोलतं. तिथल्या व्यायामाच्या डॉक्टरीण बाई, पोरगीच ती, माझ्या लेकीएवढी, तिनं प्रत्येक पेशंटचं नाव आपल्या आवाजात त्यात भरून ठेवलं होतं. फुगा फुटला की मशीन म्हणायचं, शाब्बास, अमुकराव! अजून एक! बिलकुल लाज न्हाई, शरम न्हाई, भर दवाखान्यात माझ्या नवऱ्याचं नाव घ्यायचं. आन् हे वाकड्या तोंडानं हसायचे. पहिल्याच महिन्यात अंगठा सुटला, मंग त्याच्या शेजारचं बोट. दीड वर्ष मी तेल जिरवलं तेव्हा हललं न्हाई ते बोट, तिनं नाव काय घेतलं आन् हललं!

मंगळवारी आन् शुक्रवारी जायचं असायचं. हे पहाटेच उठून डाव्या हातानं टोपी घालून ओट्यावर तयार. शेजारी माझी जाऊ राहते, ती दारातून म्हणायची, काय बाई, भावजींना घेऊन सवतीकडं चालल्या का? मी म्हणायचे, दवाखान्यात चाललो. ती म्हणायची, दवाखान्यात जाणारं माणूस असं नवरदेवावानी बसतं व्हय? ती चेष्टा करायची, पण मला ते लागायचं. एकदा दवाखान्यात लाईट गेली. काच काळी झाली, मशीन मुकं झालं, हे मोजा घातलेला हात तसाच धरून काळ्या काचेकडं पाहात राह्यले. मी मागं बाकड्यावर बसल्ते. मला आनंद झाला. पाप लागलं असंल तर लागो.

एका मंगळवारी मी म्हणले, आज एस्टीचा संप हाय, जायचं न्हाई. मला खोटं बोलायचंबी ज्ञान न्हाई, घर रस्त्यावर. जरा वेळानं लाल गाडी भरून समोरून गेली. त्यांनी गाडीकडं पाहिलं, मंग माझ्याकडं पाहिलं. टोपी काढून खाटेवर ठेवली.

शुक्रवारी टोपी घातलीच न्हाई. पुढच्या मंगळवारी मीच म्हणले, चला, जल्दी करा, संप मिटला. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. पुढं मी रोज म्हणत राह्यले, पाया पडले, न्हाई म्हंजे न्हाई. सुटलेली दोन बोटं परत मिटली. एक दिवस मूठ उकलून पाहिली तर तळव्यात नखाची लाल खूण. ती खूण मी केल्ती, दुसऱ्या कुणी न्हाई.

मंग मी बागेतून सहा मोसंब्या आणल्या, सुतळीनं बांधून खाटेसमोर आढ्याला टांगल्या, हात पुरंल एवढ्या खाली. म्हणले, आवो, हे बघा फुगे. पाहिनात. आवो, ऐकलं का, धरा ना. न्हाई. तेव्हा मला बराबर कळलं की मशीन जे म्हणतं ते मी म्हणून न्हाई राह्यले. दार लावून घेतलं. पदर तोंडावर ओढला. उंबऱ्यावर निघालं न्हाई ते आता काढायचं होतं. आन् म्हणले, रंगनाथराव.

लिहा, लिहा. आता लिहा. रंगनाथराव.

त्यांनी मान वळवली. मी परत म्हणले, मोठ्यानं, रंगनाथराव, मूठ उघडा! अंगठा हलला. मंग बोट. हात थरथरत वर आला, मोसंबीला लागला, मोसंबी झुलली, निसटली, परत आली. तिसऱ्या खेपंला धरली. मी म्हणले, शाब्बास, रंगनाथराव, अजून एक! बाहेर जाऊ अंगण झाडत होती, ती ओरडली, अगं बाई, कोण आलंय घरात, भावजींना नाव घेऊन हाका मारतंय? मी आतूनच म्हणले, कुणी न्हाई, मशीन आलंय. हे असे हसले की मोसंबी हातातून पडली.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी स्वतःच टोपी घातली. आता सगळी बोटं उघडतात, भाकरीचा तुकडा आपल्या हातानं मोडतात, एखादा तुकडा मलाबी देतात. दवाखाना चालूच हाय आन् तो आवाजबी. मी बाकड्यावर बसते, अजून जळते, जळत न्हाई म्हणले तर खोटं होईल, आन् खोटं मी एकदा बोलून पाहिलं. पण घरी सकाळी ते आढ्याखाली बसतात आन् मी नाव घेतल्याबिगर हात उचलत न्हाईत. येतं त्यांना सगळं, मुद्दाम करतात. देवानं एवढं दिलं, बास झालं.

आन् एक, हे त्या डॉक्टरीण बाईंना सांगू नका. मशीनवर आजबी त्यांचे दोन-तीन फुगे सुटतात. घरी एकबी मोसंबी सुटत न्हाई.