संप काहून होते?

तुम्ही हसाल, पण औद्योगिक समाजशास्त्र घेऊन एम.ए. झालेला अकोल्यात बहुधा मीच पहिला. घरच्यांना मात्र वाटायचं, पोरगा नापास झालाय आणि विषयाचं अवघड नाव सांगून लपवतोय.

मोठ्या गिरणीत कामगार कल्याण अधिकारी ठेवलाच पाहिजे, असा तेव्हा नवा कायदा आला होता. मी अर्ज केला. अमरावतीच्या एका वकिलांनी मुलगी द्यायचं कबूल केलं होतं, पण नोकरी लागली तरच.

मुलाखत गिरणीचे मालक शेठजी यांच्या गादीवर. बूट बाहेर काढून, सुटात मांडी घालून बसलो.

शेठजींनी एकच विचारलं, "संप काहून होते हो?"

मी सुटलोच. मजुरी, पाळ्या, मुकादमाची अरेरावी, सगळं कारणांसकट सांगितलं. शेठजी मान डोलावत होते. शेवटी मॅनेजरकडे वळून म्हणाले, "पोरगा हुशार आहे. सारं बराबर सांगून राहिला. याले घेऊ नका."

"काहून शेठजी?" मॅनेजरनं विचारलं.

"अरे, गिरणीतल्या लोकायले अजून एवढं मालूम नाही!"

जागा त्यांच्या भाच्याला मिळाली. त्याच प्रश्नावर तो म्हणाला होता, "संप? आपल्या गिरणीत?"

माझं उत्तर चुकलं की बरोबर आलं, हे मला अजून ठरवता येत नाही.

लग्न अडू नये म्हणून वकीलसाहेबांनीच धावपळ केली. ते एका कॉलेजच्या कमिटीवर होते. तिथं माझा विषय सुरू झाला आणि मी प्राध्यापक.

दरवर्षी पोरं विचारायची, "सर, हे शिकून नोकरी कोणती लागते?"

मी म्हणायचो, "आधी सासरा पाहा."