नक्षीच्या पेटीचं बारसं

...अहो, पण यात माझी चूक कुठे? तुम्हीच सांगा! जव्हार दरबाराच्या दफ्तरात सव्वीस वर्षं नावं लिहिली, गावांची लिहिली, घोड्यांची लिहिली, आणि नोकरीवर बेतली ती एका पेटीच्या नावापायी! एक नाव हो! एक साधं नाव!

पेटी कसली ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा भरकटला. सागवानी पेटी, चार हात रुंद. आत काय? तर बोहाड्यात देवादिकांची सोंगं नाचतात ना, त्यांच्या मुखवट्यांचे, मुकुटांचे कागदी खाके! रावणाची दहा तोंडं, नरसिंहाची आयाळ, वेलबुट्टीचे लाकडी ठसे... हे सगळं पूर्वी ज्याच्या त्याच्या माळ्यावर. सुतार शिंप्याला दाखवीना, शिंपी सुताराला. आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी दारोदार फिरून, गोड बोलून, एकाच्या तर पाया पडून गोळा केलं. कोणीही न्यावं, गिरवावं, परत आणावं! पण आमचे कारभारी... ते नाकात बोलायचे, "हं... पेटीला नाव नाही? मग ती दफ्तरात नाही. दफ्तरात नाही ती बाहेर कशी जाईल?" घ्या!

आणि दारात पांड्या उभा. पोशेऱ्याचा, मुखवटे करणारा. मोखाड्याचा बोहाडा आठ दिवसांवर, आणि ह्याच्या नरसिंहाला वाळवी! नाक आहे तर जबडा नाही! "भाऊ, खाका द्या ना. नरसिंह नाय निघाला तं गाव मलाच खांबात चिणील!"

मग काय, सभा! शास्त्रीबुवांनी डोळे मिटले, "श्रीमन्नृपप्रसादलब्धसकलरेखाकृतिमंजूषा!" रंगाऱ्यानं वितीनं झाकण मोजलं, "बुवा, एवढ्याला आनखी एक पेटी लागंल." मास्तर म्हणाले, "कलाभांडार म्हणा." कारभारी म्हणाले, "हं... भांडार म्हटलं की लोक तांदूळ मागायला येतील. नावात जव्हार हवं." झालं! मोखाड्याचे पाटील ताडकन उठले, "आणि मोखाडा काय जंगलात पडलाय?" आता दोन्ही गावं जंगलातच होती, पण हे बोलायचं कोणी? पाच दिवस! सतरा नावं! सतरा मी स्वच्छ अक्षरात लिहिली, सतरा कारभाऱ्यांनी खोडली! एक नाव हो! एक साधं नाव!

सहाव्या दिवशी पांड्यानं आपल्या आईलाच आणलं. माघी तिचं नाव. कमरेवर हात ठेवून तिनं सभेकडे असं पाहिलं, जसं कोणी शिळ्या भाकरीकडे पाहतं. "पेटी कवा आली तुमच्याकडं?"

मी म्हटलं, "बुधवारी."

"मंग बुधी! सोमवारी जल्मला तो सोम्या, माघात जल्मली ती मी. इतकी मानसं बसून करता काय?"

कारभाऱ्यांनी मान डोलावली, कारण जेवणाची वेळ टळत होती. रंगाऱ्यानं झाकणावर काढलं, 'बुधी'. माघीनं पेटीला हळद लावली, काहीतरी गाणं गुणगुणलं, पुढे तारपा वाजू लागला आणि मायलेकांनी पेटी उचलून नेली... तुम्हाला सांगतो, मला भरून आलं! पेटीसाठी! मी सही केली ती डोळे पुसत पुसत!

नरसिंह असा निघाला म्हणून सांगू, पुढच्या रांगेतली माणसं मागे पळाली! सगळं झकास. पण पेटी? पेटी येईना! इकडे जव्हारचा बोहाडा तोंडावर, सुतार हात चोळत बसलेले. कारभारी म्हणाले, "हं... तुमच्या सहीनं गेली. ती आली नाही तर तुम्हीही येऊ नका."

धाडली नोटीस! आमचा शिपाई लक्ष्या पोशेऱ्याला जाऊन आला, नोटीस तशीच परत, आणि माघीचा निरोप त्यानं तिच्याच आवाजात म्हणून दाखवला, "नाव ठेवलं, हळद लावली, वाजत गाजत आनली. लेक सासरी नांदते हो! कागूद धाडून कोन लेकीला माहेरी बोलवतं? मानूस येऊं दे मुऱ्हाळी, लुगडं घेऊन!"

मी हसलो. कारभारी हसले नाहीत. त्यांनी लेखी हुकूम काढला! आणि मी, डोक्याला पागोटं, काखेत हिरवं लुगडं, आठ कोस घाटवाट तुडवीत निघालो मुऱ्हाळी! पोशेऱ्यात मला पाटावर बसवलं, नागलीची भाकरी वाढली, लुगडं पेटीवर पांघरलं, आणि निघताना माघी पदर डोळ्यांना लावून म्हणते, "मामा, जपून न्या हां. तिला उन्हाची सवय नाय." मी म्हटलं, "बरं."

पेटी आली, बोहाडा झाला, नोकरी राहिली. पण ही हकिगत डहाणूला माझ्या सख्ख्या बहिणीच्या कानावर गेली हो! बावीस वर्षं झाली तिला दिलेली, आणि न्यायला मी एकदाही गेलेलो नाही... आता परवा निघतोय. ती म्हणते, एका लुगड्यावर भागायचं नाही.