मंगल अल्पशा आजारानं गेली न्हाई

मागं ऐकू येतंय ना? माईक जवळ घ्या म्हणतेत, घेतला. धावड्याहून मंगलच्या माहेरची माणसं आलीत, आष्टीहून सोयरे आलेत, आपलं वाटूर तं सगळंच बसलंय. उन्हातान्हाचे आलात, बरं वाटलं. मला भाषण येत न्हाई. चौथीपर्यंत शाळा, ती बी अर्धीमुर्धी. म्हणून कागदावर लिहून आणलंय. बोलायला लागले की रडू येतं, आन् रडू आलं की मला राग येतो. आज तं राग आधीच आलाय.

कशाचा, ते सांगते. फाट्यावर बॅनर लावलंय. मंगलचा फोटो चांगला आलाय त्याच्यात. खाली लिहिलंय, अल्पशा आजाराने दुःखद निधन. कोणी लिहिलं हे? अल्पसा? पाच वर्षं माझी जाऊ अंग ओढत फिरली. अल्पसा आजार असा असतो, तं मोठा कसा असतो ते दाखवा मला.

काल भाऊजी, म्हणजे मंगलचे मालक, माझे धाकटे दीर, तिथं खांबाला टेकून बसलेत ते, मला म्हणाले, "वहिनी, दोन शब्द बोला, पण आजाराचं नाव घेऊ नका. वैशूचं लग्न व्हायचंय." मंग वैशू आली. मंगलची एकुलती एक लेक. ती म्हणाली, "मोठी आई, तू बोल. न्हाई तं उद्या मला डॉक्टरनं विचारलं, आईला काय झाल्तं, तं मी बी पित्ताचे खडेच सांगू का?"

म्हणून बोलते. भाऊजी, राग आला तं येऊ द्या.

मंगल आन् मी, दोघींनी मिळून वीस वर्षं ह्या गावाचे ब्लाउज शिवले. ती कापायची, मशीन मारायची. मी हुक लावायचे, हातशिलाई करायचे. सगळ्या बायांची मापं तिच्या वहीत. एखादी आकडा कमी सांगायची, तं मंगल म्हणायची, "वहिनी, तुम्ही चौतीस म्हणलात, पण फीत ऐकत न्हाई." हसता काय? तुम्हालाच म्हणायची. पण शिवणारीला स्वतःचं माप घेता येत न्हाई. हात वर केला की फीत सरकते. म्हणून तिचं माप मी घ्यायचे. वीस वर्षं, दर सणाला, मीच.

सात वर्षांमागं तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. हो, छातीत. असं खाली बघू नका, सरपंचसाहेब. तुम्ही बी आईच्या अंगावर पिऊनच मोठे झालात. गाठ कॅन्सरची होती. संभाजीनगरला ऑपरेशन केलं, डावी बाजू काढली. डॉक्टरनं विचारलं, सपाट ठेवायचं का आत सिलिकॉनची पिशवी बसवायची? मंगल म्हणाली, बसवा. कोणी म्हणेल, ह्या वयात कशाला नखरा. नखरा कशाचा? दिवसभर दुसऱ्या बायांच्या अंगाला फीत लावणारी बाई ती. बाया आपल्या अंगाकडं कशा बघतील, तिला बराबर माहीत होतं. तिच्या जागी मी असते, तं मी बी बसवली असती.

पिशवी बसवली ही चूक न्हाई. चूक घरी आल्यावर झाली. गावात सांगितलं, पित्ताचे खडे काढले. मी बी सांगितलं. एकीनं विचारलं, केवढे होते? तं मी बोटानं दाखवले, हरभऱ्याएवढे. इतकी खोटारडी मी.

डॉक्टरनं एक कार्ड दिल्तं. आत कोणती पिशवी बसवली, ते त्याच्यावर छापलेलं. सांगितलं, हे जपून ठेवा, कुठं बी दवाखान्यात गेलात तं दाखवा, आन् तपासायला येत जा. दोन साल गेलो. मंग बाया विचारायला लागल्या, खडे तं निघाले, आता कशाला जाता संभाजीनगरला? जाणं बंद केलं. कार्ड गेलं मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली.

मंग तिचं अंग दुखायला लागलं. बोटांची पेरं सुजायची. सकाळी कात्री धरता येत न्हाई म्हणायची. केस पुंजक्यानं गळायचे. अंगावर चट्टे. कधी ताप, कधी नुसता थकवा, मशीनवर डोकं टेकून बसायची. वहीत माप लिहायची आन् कोणाचं लिहिलं ते विसरायची. मंगल! जिला अख्ख्या गावाच्या बाह्या तोंडपाठ होत्या.

दवाखाने कमी केले का? परतूरला केले, जालन्याला केले. एक म्हणाला संधिवात. एक म्हणाला, पाळी जायचं वय झालं. एक म्हणाला टेन्शन घेता. टेन्शन! बाईला काही बी झालं की टेन्शन. पण डॉक्टरांना तरी काय शिव्या द्यायच्या? जालन्याच्या डॉक्टरनं विचारल्तं, आधी काही ऑपरेशन झालंय का? भाऊजी बोलले, "पित्ताचं." भाऊजी, तुम्ही बोललात. मी तिथंच बसल्ते. मी तोंड उघडणार, तं मंगलनं टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठ दिवस काळंनिळं होतं. बाहेर आल्यावर मी भांडले. म्हणलं, "अगं, डॉक्टरपासून कसली लाज?" तं म्हणती, "अक्का, त्याचा कंपाउंडर आपल्या फाट्यावरचा हाय."

बोला आता. काय म्हणावं?

आता माझं सांगते. दुसऱ्यांचं सांगितलं, माझं बी सांगायला पाहिजे.

मागच्या साली दसऱ्याला मंगल म्हणाली, "अक्का, ब्लाउज डावीकडून काचतोय." मी फीत लावली. म्हणलं, "जाड झालीस." ती हसली. म्हणाली, "एकाच अंगानं जाड होतं व्हय माणूस?"

तिनं विचारलं. तिनं मला सरळ विचारलं. आन् मी काय केलं? ब्लाउज शिवताना आत जादा कापड सोडतेत, पुढंमागं बाईचं अंग वाढलं तं उसवून मोकळं करता यावं म्हणून. मी डावी शिलाई उसवली, बोटभर सैल केला, तिच्या हातात दिला. बसला चांगला. दोघी खूश. संक्रांतीला परत काचला. परत उसवला. पाडव्याला आतलं कापडच संपलं. तं मी काखेखाली कळी जोडली. तशाच कापडाचा तुकडा शोधला, रंग जुळवला, अशी जोडली की नणंदेला बी दिसली न्हाई. ब्लाउज काचला तं आम्हाला ब्लाउजच दिसतो. सुई हातात असली की असं होतं. सहा महिने मी तिची सूज शिवत बसले!

आत काय बसवलंय, ते सगळ्या गावात आम्हा घरच्यांनाच माहीत होतं. एकट्या मला माहीत होतं की तीच बाजू वाढून राह्यली. आन् मी कळी जोडली.

दम लागायला लागला तेव्हा वैशूनं हाताला धरून संभाजीनगरला नेलं. डॉक्टरीणबाईनं पिशवीभोवती साचलेलं पाणी काढलं, तपासायला धाडलं. पिशवीच्या भवती अंग एक पापुद्रा धरतं, त्याच्यात कॅन्सर निघाला. जुना न्हाई, हा निराळाच. तोवर पसरल्ता. बाई म्हणाल्या, हा फार थोड्या जणींना होतो. वेळेवर आलात तं पिशवी आन् पापुद्रा काढून बऱ्याच जणी बऱ्या होतेत. मी विचारलं, मंग ते सांधे, केस, थकवा, ते बी ह्याच्यामुळंच का? तं म्हणाल्या, "मावशी, ठाम सांगता येत न्हाई. पुष्कळ बाया तसं सांगतेत, काहींना पिशवी काढल्यावर बरं वाटतं. त्याचा अजून पुरता उलगडा झालेला न्हाई. पण पिशवी हाय हे कोणाला माहीत असतं, तं त्यांनी तिकडं बघितलं असतं."

बघितलं असतं. एवढंच.

म्हणून ज्या कोणी बसवली असेल, तिनं घाबरून रडत बसू नका. दाखवत जा. कार्ड पर्समध्ये ठेवा. एवढंच म्हणून राह्यले मी.

शेवटच्या आठवड्यात मंगल मला म्हणाली, "अक्का, कळी मात्र झकास बसवल्ती तू." आन् हसली. मी बी हसले. दवाखान्यातल्या बाया बघायला लागल्या, ह्या दोघी येड्या झाल्या का म्हणून. तिनं मला माफ केलं असेल. मी न्हाई केलं.

भाऊजी, आता वैशूचं. उद्या पाहुणे येतील, विचारतील. मी सांगणार, पोरीच्या आईला छातीचा कॅन्सर झाल्ता, पोरगी दर साली तपासून घेते. ज्याला हे ऐकून उठायचंय, त्यानं चहा न घेता उठावं. आईचा आजार लपवून पोरगी दिली, तं पोरगी कोणाला सांगणार? ती बी नवऱ्याला पित्ताचंच सांगणार. बुधवारी मी तिला तपासायला घेऊन जाते. तुम्ही बी चला. आन् ह्या बारीला डॉक्टरनं विचारलं, तं तिला बोलू द्या.

बस झालं माझं. आता उभे राहा. दोन मिनिटं गप्प राहायचंय मंगलसाठी. गडीमाणसांनी मान खाली घाला, देवाचं नाव घ्या. बायांनो, तुम्ही तेवढ्यात आपापल्या अंगाकडं ध्यान द्या. काय दुखतंय, काय वाढलंय, काय दडवून ठेवलंय. खाली बसलात की शेजारणीला सांगा. तिथंच, जल्दी. घरी गेलात की विसरता तुम्ही.

मंगल, माझा नमस्कार घे, बाई.

उभे राहा.