बेल न वाजवणाऱ्याची शाल

आजच्या वार्षिक समारंभाचे अध्यक्ष आणि या वृद्धाश्रमाचे संस्थापक माननीय दिग्विजयदादा, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, व्यवस्थापक सर्जेरावकाका, गावोगावहून आलेली पाहुणेमंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या आजी-आजोबांनो,

मघाशी काका म्हणाले, "आपली प्रियदर्शनी फार कमी बोलते." ते खरं आहे. तेव्हा पुण्याच्या नोकरीवर जाण्याआधी, या निरोपाच्या वेळी, आज थोडं जास्त बोलले तर चालवून घ्यावं.

बारामतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि मी इथे आले ती बेल बसवायला. प्रत्येक कॉटला बटण, ऑफिसात बोर्ड. बटण दाबलं की त्या कॉटचा दिवा लागतो आणि आपल्या सेविका छबूबाई धावतात. पहिल्या दिवशी हिंदुरावतात्यांनी छबूबाईंना इतकं पळवलं की त्या वैतागून म्हणाल्या, "तात्या, आता काय झालं?"

"काय न्हाय. दिवा लागतुय का बगत हुतो. तू येतीस का न्हाय, त्येबी बगत हुतो."

पुढे बेल फारच वाजू लागली. छबूबाई एकट्या, किती पळणार? म्हणून काकांनी बक्षीस सुरू केलं. वर्षभरात जो बेल सर्वांत कमी वाजवील, त्याला वार्षिक समारंभात शाल-श्रीफळ, आणि त्याच्या घरच्यांना छापील निमंत्रण. यात हेतू वाईट होता का? मुळीच नाही.

सुप्याच्या मालनबाईंनी ती शाल दरवर्षी मिळवली. मला चिडवायच्या, "पोरी, तुजं बटण माज्या कॉटला गंजून जाईल बग."

गेल्या उन्हाळ्यात त्यांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. जेवणाच्या वेळी 'भूक न्हाय' म्हणून त्या पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी छबूबाई पाणी घेऊन गेल्या, तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. डॉक्टरसाहेब, आपणच म्हणाला होता, आदल्या दिवशी सलाईन लागलं असतं तर बाई वाचल्या असत्या.

संस्थेने मला बेल तपासायला सांगितली. बटण, वायर, दिवा, सगळं ठीक निघालं. प्रकरण तिथेच मिटलं. फलकावर लिहिलं गेलं, 'वृद्धापकाळाने निधन'. पण बेल चालू होती, याचा अर्थ इतकाच की ती वाजवता आली असती. का वाजवली नाही, हे कुणी विचारलं?

मी शेजारच्या कॉटवरच्या सिंधुबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी म्हणलं की, मालन, दाब की गं बटण. तर म्हणली, गप. औंदा शाल हुकली तर रवींद्र कशाला यील?"

रवींद्र त्यांचा मुलगा. वर्षातून त्या एका दिवशी यायचा.

दुपारी जेवणं झाली की इथे सगळे व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून बसतात. सोलापूरकडची एसटी थांबते, माणसं उतरतात आणि डाळज गावाकडे चालू लागतात. आश्रमाकडे कुणी वळत नाही. माझी खोली त्याच व्हरांड्याच्या टोकाला, जनरेटरशेजारी. मीही तिथे बसायचे. ती बस पाहिल्यावर मालनबाईंचा हिशेब मला चुकीचा वाटत नाही. चूक बक्षिसाची आहे. आपण त्यांना गप्प राहायला शिकवलं आणि त्याबदल्यात मुलगा दाखवला.

दादा, यंदा बेल सर्वांत कमी वाजवली म्हणून आजची शाल हिंदुरावतात्यांना द्यायची आहे, ती देऊ नये, अशी माझी विनंती आहे. निमंत्रण मात्र दरवर्षी सगळ्यांच्या घरी जावं. आणि यापुढे इथे कुणी गेलं, तर यंत्राआधी शेजारच्या कॉटला विचारावं.

इथून पहिली रांग नीट दिसते. तात्या, तुम्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतलेत. पायांना सूज आहे. बसल्या जागी दम लागलाय. कधीपासून?

तात्या म्हणतात, "नव्या चपला हायत, चावत्यात."

सोनमताई, तुम्ही अंथुर्ण्याहून वडिलांचा सत्कार पाहायला आलात. शाल मिळाली नाही तरी तुम्ही पुन्हा याल का, एवढं त्यांना सांगाल? माईक नको. जवळ जाऊन सांगा. मी थांबते.

...

आता विचारा, दम लागतो का.

व्हय म्हणाले.

डॉक्टरसाहेब, आपण खाली जाता का? तात्या, उठू नका. तेच येतायत.

दादा, माझ्या निरोपाचा कार्यक्रम मीच मोडला. आपण सगळ्यांनी मला इथे सांभाळून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घालावं. पुढच्या दोन खुर्च्या तेवढ्या बाजूला घ्या, डॉक्टरांना वाट हवी आहे.